‘डू’ म्हणजे ‘का’ नव्हे : मराठीभाषकांची इंग्रजी प्रश्नरचना

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ पर्यंत जिल्ह्याबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते. त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर मराठा आरक्षणाच्या मागणीसाठी मनोज जरांगे पाटील यांनी तेथे उपोषण आरंभिले आणि पाहता पाहता दूरदूरचे वार्ताहर गावात येऊन थडकले. त्या आंदोलनाची मीमांसा हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्या प्रसंगात एक साधी गोष्ट दिसते. प्रश्न विचारणारे बाहेरचे होते आणि उत्तरे देणारे गावचे होते. अशा गावांतील शाळेत इंग्रजीच्या तासाला याहून निराळे काही घडत नाही. तेथे पाठ्यपुस्तक विचारते, शिक्षक विचारतात, परीक्षक विचारतात. विद्यार्थ्याने उत्तर द्यावयाचे. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. म्हणजे आज महाविद्यालयात येणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तो बऱ्यापैकी देतो. परंतु त्याला स्वतःला काही विचारावयाचे झाले, की पहिल्या शब्दापाशीच तो अडखळतो.

हे अडखळणे केवळ संकोचाचे आहे असे मानून आपण पुष्कळदा मोकळे होतो. संकोच असतोच, पण त्याखाली व्याकरणाचा एक खरा पेच आहे, आणि आपल्या शिकविण्याच्या एका रूढ पद्धतीने तो पेच सुटण्याऐवजी अधिकच आवळला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. (इंग्रजी उदाहरणे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.)

प्रथम वर्गात नित्य ऐकू येणारी वाक्ये पाहू. ‘डू यू आर कमिंग?’, ‘डिड यू वेंट?’, ‘डज ही गोज?’, ‘व्हेअर यू आर गोइंग?’, ‘व्हाय ही डिड नॉट केम?’ शिक्षक ह्या सर्वांवर सारखीच लाल रेघ ओढतो. वस्तुतः ही एका जातीची वाक्ये नव्हेत. पहिल्या तिहींत विद्यार्थ्याने प्रश्नाची एक खूण वाक्यापुढे ठेवली आहे आणि मागील विधान जसेच्या तसे राहू दिले आहे. चौथ्यात त्याने प्रश्नवाचक शब्द पुढे आणला आहे, परंतु उरलेले वाक्य हलविलेले नाही. पाचव्यात दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या आहेत. सर्वांत समान असे जे आहे ते इतकेच की, विधानाला धक्का लावावयास विद्यार्थी तयार नाही. का तयार नाही, हे पाहावयाचे तर मराठीकडे वळले पाहिजे.

ऑटो येस्पर्सन याने १९२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याकरणमीमांसेत प्रश्नांचे दोन वर्ग केले. एकात संपूर्ण विधानाच्या सत्यतेविषयी पृच्छा असते. त्याचे उत्तर होय किंवा नाही. दुसऱ्यात विधानातील एक पद अज्ञात असते, बीजगणितातील अज्ञात राशीसारखे, आणि तेवढेच मागितलेले असते. मराठीत हे दोन्ही प्रश्न विधानाची मांडणी न मोडता होतात. ‘तो गेला’ ह्या वाक्यापुढे ‘का’ किंवा ‘काय’ ठेवले, की ‘तो गेला का?’, ‘तो गेला काय?’ असा प्रश्न झाला. नुसता स्वर चढविला तरी काम भागते. क्रियापद जेथे होते तेथेच राहते, आणि काळ, पुरुष, लिंग, वचन यांचे सर्व ओझे तेच वाहते : ‘गेलास का?’, ‘गेलीस का?’, ‘जाशील का?’. ‘का’ला ह्या ओझ्याशी कर्तव्य नाही, ते अविकारी आहे. दुसऱ्या वर्गातही तेच. ‘तो अंबडला गेला’ यातील ‘अंबडला’ काढून त्या जागी ‘कुठे’ ठेवले, की ‘तो कुठे गेला?’ हा प्रश्न तयार. अज्ञात पद आपल्या जागेवरच विचारले जाते.

येथे एक गोष्ट नोंदवून ठेवतो, कारण पुढे तिचा उपयोग होणार आहे. मराठीत प्रश्नासाठी शब्दांची जागा महत्त्वाची नाही, असे सरसकट म्हणता येत नाही. ‘तू काय खाल्लेस?’ आणि ‘तू खाल्लेस काय?’ ही दोन वाक्ये पाहा. शब्द तेच, त्यांची संख्याही तीच; परंतु ‘काय’ क्रियापदापूर्वी आले तर पदार्थ विचारला जातो आणि क्रियापदानंतर आले तर खाण्याची क्रिया घडली किंवा नाही हे विचारले जाते. ‘तू का आलास?’ आणि ‘तू आलास का?’ यांतही हाच भेद आहे. (मराठवाड्याच्या ग्रामीण बोलीत कारण विचारताना ‘का’ऐवजी ‘कामून’ ऐकू येते, तरी ‘काय’ची जोडी तेथेही कायम आहे.) म्हणजे जागा बदलली की अर्थ बदलतो, हे ज्ञान पहिलीतल्या मुलालाही असते. फक्त त्याला ते कोणी दाखवून दिलेले नसते.

आता इंग्रजीकडे वळू. इंग्रजीतील ‘डू’ हे प्रकरण परभाषकालाच नव्हे, तर इंग्रजीच्या इतिहासकारालाही कोड्यात टाकणारे आहे. जुन्या इंग्रजीत प्रश्न करण्यासाठी क्रियापदच कर्त्यापुढे येत असे. जर्मन भाषेत ते आजही येते. पंधराव्या-सोळाव्या शतकांत क्रियापद जागेवर ठेवून कर्त्यापुढे ‘डू’ घालण्याची रीत वाढत गेली. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदताना दिसतात, आणि सुमारे १७०० पर्यंत प्रश्नांपुरता तरी नव्या रीतीचा विजय झालेला होता. आल्वार एलेगोर्ड ह्या स्वीडिश अभ्यासकाने १९५३ मध्ये जुने ग्रंथ मोजून काढून ह्या बदलाचा आलेख मांडला. पुढील पुष्कळ संशोधन त्याच्याच आकड्यांवर उभे आहे. ‘बी’, ‘कॅन’, ‘विल’ यांसारखी क्रियापदे मात्र ह्या बदलातून सुटली. ती आजही स्वतःच कर्त्यापुढे उडी घेतात. त्यामुळे ‘आर यू रेडी?’ आणि ‘डू यू गो?’ असा दुहेरी कारभार इंग्रजीत सुरू आहे.

ह्या कारभारामागील तत्त्व मात्र एकच आहे, आणि ते विद्यार्थ्यास सांगता येण्याजोगे आहे. इंग्रजी प्रश्नात काळाची खूण कर्त्यापुढे जावी लागते. वाक्यात साहाय्यक क्रियापद असेल तर ती खूण त्याच्याच अंगावर असते आणि तेच पुढे जाते. साहाय्यक नसेल, नुसते मुख्य क्रियापद असेल, तर ते स्वतः हलू शकत नाही. मग काळाची खूण वाहून नेण्यासाठी ‘डू’ला बोलावणे धाडावे लागते. ‘ही गोज’ मधील ‘ज’चा ध्वनी ‘गो’वरून उतरतो आणि ‘डू’वर चढून ‘डज’ होतो. ‘वेंट’मधील भूतकाळ उतरतो आणि ‘डिड’मध्ये जातो. ओझे उतरल्यावर मागे ‘गो’ रिकामे उरते. ‘डिड यू वेंट?’ म्हणणारा विद्यार्थी एकच ओझे दोघांच्या डोक्यावर देत आहे. ‘डू यू आर कमिंग?’ म्हणणारा तर ‘आर’सारखा धडधाकट वाहक हजर असताना आणखी एक मजूर लावीत आहे. हे वर्णन शास्त्रीय परिभाषेत चपखल बसणार नाही. परंतु आठवीच्या मुलाला ते कळते, आणि त्यात असत्यही काही नाही.

आपण मात्र त्याला हे सांगत नाही. आपण सांगतो : ‘डू’ म्हणजे ‘का’. भाषांतरपद्धतीचा हा वारसा आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि त्या पद्धतीची जी हेटाळणी पुढे झाली ती सर्वस्वी न्याय्य होती असे मला वाटत नाही. दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची सवय तिने लावली. परंतु शब्दास शब्द हे समीकरण जेथे सर्वांत फसवे ठरते ते स्थळ म्हणजे ‘डू’. कारण ‘का’ अविकारी आहे, ते विधानास बाहेरून चिकटते आणि आत काही बदलत नाही. ‘डू’ला ‘का’ समजणारा विद्यार्थी इंग्रजी विधानासही बाहेरून ‘डू’ चिकटवितो. ‘डू’ + ‘यू आर कमिंग’. त्याची चूक नियमशून्य नाही. आपण दिलेला नियम त्याने प्रामाणिकपणे पाळला आहे.

मराठवाड्यात ह्या समीकरणास आणखी एक टेकू आहे. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उर्दू ही तेथील राज्यकारभाराची भाषा होती आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. तो काळ गेला, तरी बाजारपेठेत दखनी कानावर पडते आणि शाळेत हिंदी शिकविले जाते. ग्रांथिक हिंदी-उर्दूत ‘क्या’ हा शब्द वाक्याच्या आरंभी येतो : ‘क्या तुम जाते हो?’ आता ‘डू यू गो?’ समोर ठेवले, तर ‘क्या’च्या जागी ‘डू’ नेमके बसलेले दिसते. मराठी ‘का’ शेवटी असल्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात निदान काही शंका येण्यास वाव होता. ‘क्या’ने तीही घालविली. मग ‘क्या वह आ रहा है?’ याचे ‘डू ही इज कमिंग?’ होण्यास वेळ लागत नाही. हिंदीच्या मदतीने इंग्रजी समजावून देणाऱ्या शिक्षकाने एवढे तरी ध्यानात ठेवावे, की ‘क्या’ हाही ‘का’प्रमाणेच अविकारी आहे.

येथपर्यंतच्या विवेचनावरून सर्व दोष मराठीचा आणि भाषांतरपद्धतीचा आहे असा ग्रह होईल, तर तो दूर केला पाहिजे. मॅनफ्रेड पीनेमान, माल्कम जॉन्स्टन आदी अभ्यासकांनी १९८० नंतरच्या दशकात निरनिराळ्या मातृभाषांच्या लोकांचे इंग्रजी तपासून प्रश्नरचनेच्या पायऱ्या मांडल्या. आरंभी सुटे शब्द. मग चढत्या स्वरात उच्चारलेले सरळ विधान. मग ‘डू’ किंवा प्रश्नवाचक शब्द पुढे ठेवलेले, परंतु मागे न हललेले वाक्य. त्यानंतर साहाय्यकाची अदलाबदल, प्रथम होय-नाहीच्या प्रश्नांत आणि मग इतरांत. आणि सर्वांत शेवटी अप्रत्यक्ष प्रश्न व पुच्छप्रश्न. म्हणजे ‘डू ही इज कमिंग?’ हे वाक्य मराठी मुलाची मिरासदारी नव्हे. ते वाटेवरचे एक ठिकाण आहे आणि बहुतेक प्रवासी तेथून जातात. इंग्रजीभाषक बालकांचीही कथा काहीशी अशीच आहे. एडवर्ड क्लिमा आणि उर्सुला बेलुगी यांनी १९६६ मध्ये तीन अमेरिकन बालकांच्या बोलण्यावरून असे दाखविले, की होय-नाहीच्या प्रश्नात अदलाबदल करू लागलेली मुले ‘व्हाय’, ‘व्हॉट’ यांच्या प्रश्नांत ती काही काळ करीत नाहीत. सर्वच मुले ह्या अवस्थेतून जातात असे मात्र पुढील संशोधनात आढळले नाही.

तेव्हा मराठीने किती घडविले आणि वाटेच्या स्वरूपाने किती, हे निश्चित वेगळे करणे कठीण आहे. माझे म्हणणे एवढेच की, ज्या ठिकाणाहून विद्यार्थ्याने पुढे निघून जावयाचे, तेथे ‘डू म्हणजे का’ हे सूत्र त्याला घर बांधून देते. आणि मग तो पदवीपर्यंत तेथेच राहतो.

पीनेमानने १९८४ मध्ये मांडलेला विचार असा, की विद्यार्थी ज्या पायरीवर आहे तिच्या लगेच पुढची पायरी शिकविली तर ती उतरते. दोन पायऱ्या ओलांडून शिकविलेले वाया जाते. तो संपूर्ण मान्य करण्याची आवश्यकता नाही, तरी आपल्या क्रमाचा फेरविचार करण्यास तो पुरेसा आहे. ‘डू’ने आरंभ करण्याऐवजी ‘इज’, ‘आर’, ‘कॅन’ यांनी करावा. तेथे ओझे आणि वाहक दोन्ही डोळ्यांसमोर असतात. ह्याच टप्प्यावर फळ्यावर ‘तू काय खाल्लेस’ आणि ‘तू खाल्लेस काय’ ही जोडी लिहावी. जागेच्या बदलाने अर्थ बदलतो हे मुले स्वतःच्या तोंडून सांगतात, आणि मग ‘यू आर रेडी’ आणि ‘आर यू रेडी’ यांत त्यांना परके काही वाटत नाही. ‘डू’ आणावयाचे ते प्रश्नातून आणू नये, आग्रहाच्या विधानातून आणावे. ‘यू डोन्ट वर्क’ असे कोणी म्हटले तर ‘आय डू वर्क’ असे ठासून सांगावे लागते. ‘ही डज वर्क’, ‘ही डिड वर्क’. येथे ‘डू’ विधानातच उभे आहे, त्याच्यावर काळ चढलेला आहे, आणि त्याचा ‘का’शी काही संबंध नाही हे न सांगता दिसते. लहान उत्तरांतूनही (‘येस, ही डज’) तेच होते. एवढे झाल्यावर ‘डज ही वर्क?’ हे ‘इज ही रेडी?’च्याच वाटेने येते.

प्रश्नवाचक शब्दांचे प्रश्न विधानापासून करवून घेऊ नयेत. ते तयार होय-नाहीच्या प्रश्नापासून करवून घ्यावेत. ‘आर यू गोइंग?’ जिभेवर बसले असेल, तर त्यापुढे ‘व्हेअर’ ठेवणे एवढेच काम उरते. ‘यू आर गोइंग’पासून निघालेला विद्यार्थी ‘व्हेअर’ पुढे आणून थांबतो, कारण मराठीच्या हिशेबाने त्याने पुरेसे केलेले असते. कर्ताच अज्ञात असेल तेव्हा मात्र (‘हू केम?’) ‘डू’ लागत नाही. हे प्रश्न मराठीच्या अगदी जवळचे असल्याने प्रथम शिकविण्याचा मोह होतो. तो आवरावा, नाहीतर त्यांचाच साचा सर्वत्र वापरला जातो.

अप्रत्यक्ष प्रश्नांविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. मराठीत ‘तो कुठे राहतो?’ आणि ‘तो कुठे राहतो ते मला ठाऊक नाही’ यांतील प्रश्नांश तंतोतंत सारखाच. इंग्रजीत स्वतंत्र प्रश्नात अदलाबदल होते आणि पोटवाक्यात ती होत नाही. त्यामुळे एक चमत्कारिक गोष्ट घडते. अदलाबदल न शिकलेला विद्यार्थी ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्हज’ हे मराठीच्या बळावर बिनचूक म्हणतो. अदलाबदल शिकली, की तोच ‘आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह’ म्हणू लागतो. शिक्षकास वाटते मुलगा मागे पडला. तो पुढे गेलेला आहे. नवा नियम त्याने गरजेहून अधिक दूर नेला इतकेच.

ही रचना सर्वांत शेवटी साधते, आणि दुर्दैव असे की गावाकडच्या विद्यार्थ्याला तिचीच गरज सर्वांत आधी पडते. मराठीत अनोळखी वडीलधाऱ्या माणसास वाट विचारताना आपण ‘कार्यालय कुठे आहे हो?’ म्हणतो. तो ‘हो’, ते ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’, ह्यांनी प्रश्नाची धार बोथट होते. इंग्रजीत ह्यांपैकी काहीच नाही. तेथे आदर दाखवावयाचा तर प्रश्न दुसऱ्या प्रश्नाच्या पोटात घालावा लागतो : ‘कुड यू टेल मी व्हेअर द ऑफिस इज?’ हे न येणारा विद्यार्थी ‘व्हेअर इज ऑफिस?’ असे विचारतो आणि उद्धट ठरतो, किंवा उद्धट ठरण्याच्या भीतीने विचारीतच नाही. महाविद्यालयाच्या खिडकीशी, मुलाखतीच्या खोलीत, रुग्णालयाच्या दारात हे रोज घडते. म्हणून ‘कुड यू टेल मी’ ह्या आरंभाची पाचसात वाक्ये, नियम न सांगता, पाठ करून द्यावीत असे माझे मत आहे. पाठांतराची लाज वाटण्याचे कारण नाही. पुच्छप्रश्नांवर मात्र आपण जितका वेळ घालवितो तितका घालविण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. ‘इझन्ट इट’ सर्वत्र लावणाऱ्या भारतीयाला मराठीच्या ‘नाही का’ची आठवण होत असते, त्याने कोणाचा गैरसमज होत नाही.

परीक्षेत अधोरेखित शब्द उत्तर म्हणून यावा असा प्रश्न तयार करण्यास सांगितले जाते. रचनेचा सराव म्हणून ही कसरत वाईट नाही. परंतु तिच्यात उत्तर आधी दिलेले असते आणि प्रश्न मागाहून करावयाचा असतो. ज्याचे उत्तर हाती आहे ते विचारण्याची इच्छा कोणाला होणार? १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर येथे केलेल्या प्रयोगात व्याकरणाचे स्वतंत्र धडे नव्हते. नकाशे, वेळापत्रके यांच्या कोड्यांवर मुले काम करीत. आपल्या वर्गात तेवढी मोकळीक नसली तरी एक भाग सहज उचलता येतो : एका विद्यार्थ्याजवळ माहिती ठेवावी आणि दुसऱ्याला ती नसावी. जालन्याच्या मोसंबीचा आज काय भाव आला, कोणी विकली, अंबडची गाडी किती वाजता सुटते, असे एका चिठ्ठीवर लिहून एकाजवळ द्यावे. दुसऱ्याने इंग्रजीतून विचारून आपला रिकामा तक्ता भरावा. येथे चुकीचा प्रश्न केला तर चुकीचे उत्तर मिळते, आणि ते शिक्षकाने सांगण्याच्या आधी विद्यार्थ्यालाच कळते. ‘डिड यू वेंट?’ने काम अडत नाही, हे खरे. म्हणून रचनेचे स्वतंत्र धडेही लागतातच.

शेवटी उत्तरांविषयी एक. प्रश्न करणाऱ्याला उत्तर समजले पाहिजे, आणि नकारात्मक प्रश्नात तेथेच फसगत होते. ‘तू येणार नाहीस का?’ याला मराठीत ‘हो, येणार नाही’ असे उत्तर चालते. कारण आपला होकार विचारणाऱ्याच्या विधानाला असतो. इंग्रजीतील ‘येस’ आणि ‘नो’ विचारणाऱ्याकडे पाहत नाहीत, ते घटनेकडे पाहतात. न येणाऱ्याने तेथे ‘नो, आय वोन्ट’ म्हणावयाचे. ‘आरन्ट यू कमिंग?’ असे विचारून ‘येस’ ऐकलेला इंग्रज दारात वाट पाहत राहतो, आणि ‘येस’ म्हणणारा मराठी माणूस आपण नकार कळविला अशा समजुतीने घरी बसलेला असतो.